भागीदाराने केसाने गळा कापला. आता क्षमा करू की हिशेब मागू?

सलाम, बंधू.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. चाकणला तुमचं लेझर कटिंग आणि फॅब्रिकेशनचं शॉप आहे. वय चौतीस. भागीदार तुमच्याच मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, तरुण संघापासूनचा मित्र. चार वर्षांत उलाढाल ऐंशी लाखांवरून तीन कोटींवर गेली. बाहेरचं सगळं तुम्ही पाहत होता, आतलं सगळं तो. मग एके दिवशी कळलं की त्याने मेहुण्याच्या नावाने दुसरी फर्म काढली आहे, तुमची दोन मोठी गिऱ्हाइकं तिकडे वळवली आहेत आणि सुपरवायझरही सोबत नेला आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारता : माझी महत्त्वाकांक्षा हेच पाप होतं का? ख्रिस्ती माणसाने भावावर कोर्टात जावं का? आणि धंद्याचा गेलेला वेग परत कसा आणू?

मी १९९४ पासून भोसरीत प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग काढण्याचा कारखाना, चालवतो. २००३ साली माझ्या बाबतीतही हेच घडलं. माणूसही तसाच, नगरच्या मंडळीत माझ्या शेजारी बसून गायनवहीतली गाणी म्हणणारा. म्हणून लिहितोय. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन थांबू शकतात, हा थांबणार नाही.

पॉवर प्रेस तुम्ही पाहिला असेल. मोटर बंद केली तरी त्याचं फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. नवा ऑपरेटर समजतो मशीन बंद झालं, आणि डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, हात घालतो. बोटं जातात ती अशा वेळी. धंद्याचंही तसंच असतं. गिऱ्हाईक आज गेलं तरी त्याची मागच्या साठ-नव्वद दिवसांची बिलं यायची असतात. माल जाणं थांबलं म्हणून पत्रा घेणंही थांबलेलं असतं, आणि जुने पैसे मात्र येत राहतात. त्यामुळे पहिले दोन महिने खात्यात नेहमीपेक्षा जास्त शिल्लक दिसते. माणसाला वाटतं, देवाने सांभाळलं, निभावलं. खरा खड्डा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो.

मी त्या दोन महिन्यांत इरेला पेटून जुना शंभर टनी प्रेस विकत घेतला. त्याला दाखवून द्यायचं होतं. वकिलाला आगाऊ पैसे दिले. चौथ्या महिन्यात पगाराला पैसे नव्हते आणि बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. तो प्रेस सहा महिने ताडपत्रीखाली उभा होता. आज तुमच्या खात्यात जे दिसतंय ते कमाई समजू नका. एका कागदावर पुढचे तेरा आठवडे लिहा. प्रत्येक आठवड्यात नक्की येणारे पैसे आणि नक्की जाणारे पैसे : पगार, वीजबिल, जीएसटी, बँकेचा हप्ता, पत्र्याचा सप्लायर. येतील अशी आशा असलेले पैसे त्यात धरू नका. हा कागद घरी बायकोलाही दाखवा. माझ्या हातून ते झालं नाही, आणि तिला पाटल्यांच्या दिवशी सगळं एकदम कळलं.

तुमची उद्यम नोंदणी असेल तर लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमई कायदा माहीत करून घ्या. लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाला पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त उधारी मागता येत नाही, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. जे गिऱ्हाईक कायमचं गेलंय आणि पैसे दाबून बसलंय, त्याच्यासाठी हे हत्यार काढा. जे टिकवायचंय त्याच्या अकाउंट्समध्ये स्वतः जाऊन बसा.

आता वेगाबद्दल एक कडू गोष्ट. तुम्ही लिहिलंय की त्या दोन कंपन्यांकडून सत्तर टक्के काम येत होतं. मग तीन कोटींचा वेग तुमचा नव्हताच. तो त्या दोन गिऱ्हाइकांचा होता आणि तुम्ही त्यावर बसला होता. उतारावर गाडी जोरात जाते, ते इंजिनाचं काम नसतं. मोठ्यांच्या मागे धावताना ज्यांना तुम्ही ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणालात, असे पाच-सात छोटे गिऱ्हाईक नक्की असतील. त्यांच्याकडे जा. वीस ब्रॅकेटची ऑर्डरही घ्या आणि सांगितलेल्या दिवशी द्या. माझ्या शॉपला पुन्हा उभं केलं ते तेलाच्या घाण्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदाराने, ज्याचे फोन मी वर्षभर उचलत नव्हतो. तेव्हापासून कुठल्याही एका गिऱ्हाइकाचं काम एक तृतीयांशाच्या वर जाऊ दिलेलं नाही. दोनदा मोठं काम नाकारलं. जीवावर आलं, पण नाकारलं.

या काळात बायबलातलं नहेम्याचं पुस्तक वाचा, विशेषतः सहावा अध्याय. यरुशलेमेचा कोट बांधला जात असताना विरोधक नहेम्याला ओनोच्या मैदानात भेटायला बोलावतात, एकदा नाही, चार वेळा. तो चारही वेळा तेच उत्तर देतो की मी मोठं काम करतोय, खाली येऊ शकत नाही. बावन्न दिवसांत कोट पुरा झाला. तुमचं ओनोचं मैदान म्हणजे मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथे त्याचे नातेवाईक काय लिहितात, कोणी कोणाच्या मेसेजला अंगठा दिला, हे रात्री एक वाजता पाहणं बंद करा. मी ज्या काळातला आहे त्या काळात हे काम उपासनेनंतर चर्चच्या अंगणात चालायचं. माझा निम्मा वेळ त्यात गेला. मनात विष घेऊन शॉपवर यायचो आणि ते कामगारांवर ओतायचो. माझा सगळ्यात चांगला टूल सेटर भागीदाराने नेला नाही. तो माझ्या तोंडाला कंटाळून गेला.

तिकडे दारं मात्र याच आठवड्यात बंद करायची. बँकेला लेखी पत्र द्या की यापुढे कॅश क्रेडिट खात्यावर दोघांच्या सह्या लागतील. तुम्ही दिलेली वैयक्तिक हमी भागीदारी मोडली म्हणून आपोआप सुटत नाही, बँकेकडून ती लेखी सोडवून घ्यावी लागते. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल कोणाचा आहे ते पाहा. आतलं सगळं तो बघत होता म्हणता, म्हणजे ओटीपी बहुधा त्याच्याच फोनवर जात असेल. टॅलीचा, म्हणजे संगणकातल्या हिशेबाचा, बॅकअप काढून शॉपबाहेर ठेवा. आणि गेटवर सांगून ठेवा की गिऱ्हाइकाच्या मालकीची एकही डाय, फिक्श्चर किंवा ड्रॉइंग चलनाशिवाय बाहेर जाणार नाही. आमच्या लाइनमध्ये काम जातं ते असंच. डाय गेली की काम गेलं.

आता कोर्टाचा प्रश्न. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय तुमच्या पाळकसाहेबांनी तुम्हाला वाचून दाखवला, असं तुम्ही लिहिलंय. तो अध्याय नीट वाचा. भाऊ भावावर अविश्वासणाऱ्यांपुढे फिर्याद करतो याचं पौलाला दुःख आहेच. पण त्याच दमात तो विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे निवाडा नकोच असं तो म्हणत नाही, निवाडा करा म्हणतो. त्याच पौलाने स्वतःवर खोटे आरोप झाले तेव्हा कैसराकडे दाद मागितली आहे. ‘कोर्टात जाऊ नका’ असं सांगून प्रकरणच मिटवून टाकणारे लोक पौलाचं अर्धंच वाक्य घेतात, आणि त्या अर्ध्या वाक्याचा फायदा नेहमी ज्याने घेतलंय त्यालाच होतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम दिला आहे : आधी एकटे जा, नाही ऐकलं तर एक-दोघांना साक्षीला घेऊन जा, मग मंडळीला सांगा. तुम्ही पहिली पायरी अजून चढलेला नाही. त्याला फोनवर शिव्या घातल्या, ती पायरी नव्हे. जा, समोर बसा, कागद सोबत घेऊन जा. नाही जमलं तर दोघांनाही मान्य असा तिसरा माणूस शोधा. पाळकसाहेबांना त्यात घालू नका. त्यांना उद्या दोन्ही घरांची लग्नं लावायची आहेत, मयती करायच्या आहेत, दोघांना प्रभुभोजन द्यायचं आहे. दुसऱ्या मंडळीतला एखादा सीए किंवा निवृत्त बँक मॅनेजर बघा. दोघांनी लेखी करार करून त्याला लवाद नेमलं, तर १९९६ च्या लवाद कायद्याने त्याचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. पौलाचा ‘शहाणा’ आणि देशाचा कायदा इथे एकाच टेबलावर बसतात.

त्या टेबलावर जाण्याआधी तुमची बाजू माहीत हवी. भागीदारी अजून १९३२ च्या कायद्यानेच चालते. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भागीदार असताना फर्मशी स्पर्धा करणारा धंदा काढणाऱ्याला त्यातला नफा फर्मला द्यावा लागतो, हे कलम १६ आहे. मेहुण्याचं नाव पुढे केलंय, म्हणून पैसा आणि काम प्रत्यक्षात कोणाच्या हातात आहे हे दाखवणारे कागद जमवा. मुदत न ठरवलेली भागीदारी लेखी नोटीस देऊन मोडता येते. पण मोडली एवढ्याने भागत नाही. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, राजपत्रात आणि निदान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना येईपर्यंत फर्मच्या नावाने त्याने केलेली उधारी तुमच्याही अंगावर येऊ शकते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मोडलेल्या फर्मच्या नावावर उचललेल्या पत्र्याचे पैसे मी भरले. फर्म नोंदलेली नसेल तर करारातल्या हक्कांसाठी भागीदारावर दावा करता येत नाही, तरी भागीदारी मोडण्याचा आणि हिशेबाचा दावा करता येतो. महाराष्ट्राने १९८४ मध्ये त्यावरही बंधन घातलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केलं. हिशेबाच्या दाव्याला भागीदारी मोडल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. ‘मंडळीतले वडीलधारे बघतील’ म्हणत ही तीन वर्षं घालवलेले दोघे मला माहीत आहेत.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. सगळे तुम्हाला क्षमा कर म्हणतायत. त्याच अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू? उत्तरात प्रभू त्या राजाचा दाखला सांगतो ज्याने दासाला दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं. त्या दाखल्याची सुरुवात कशी होते पाहा. राजाला आपल्या दासांकडून हिशेब घ्यायचा होता. आधी हिशेब, मग आकडा, आणि मग तो आकडा सोडून देणं. राजा ‘जाऊ दे, काय असेल ते असेल’ म्हणत नाही. किती सोडतोय ते त्याला पैपर्यंत माहीत आहे.

मी चौदा महिने ‘मी क्षमा केली’ म्हणत होतो आणि प्रभुभोजनाला पुढे जात नव्हतो. प्याला हातात घ्यायची हिंमत नव्हती. मग कोथरूडचा एक ख्रिस्ती सीए मध्ये पडला. सहा शनिवार बसलो, नऊ वर्षांच्या वह्या काढल्या. माझे अकरा लाख निघाले. त्याची ऐपत सातची होती, तीन वर्षांच्या हप्त्यांत. उरलेले चार मी लिहून सोडले. त्या कागदावर सही करताना हात थरथरला, कारण चार लाख म्हणजे काय ते मला माहीत होतं : थोरल्याच्या इंजिनिअरिंगची फी. त्या दिवशी मी खरी क्षमा केली. त्याआधीची चौदा महिन्यांची क्षमा म्हणजे भीड होती. आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण.

क्षमा केली म्हणजे विश्वासही परत द्यायचा, असा समज आपल्या मंडळ्यांमध्ये घट्ट बसलाय. योसेफाकडे पाहा. सतराव्या वर्षी भावांनी विकलं, तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहिला, आणि भाऊ धान्यासाठी आले तेव्हा आत जाऊन रडला. मन केव्हाच मऊ झालं होतं. तरीही त्याने स्वतःची ओळख लगेच दिली नाही. बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून पाहिलं की हे धाकट्याला आजही टाकून जातात का. यहूदा त्याच्याऐवजी गुलाम व्हायला तयार झाला तेव्हाच तो बोलला. याकोब आणि लाबान वेगळे झाले तेव्हा त्यांनी दगडांची रास घातली, की तू ही ओलांडून माझ्याकडे वाईट हेतूने यायचं नाही, मीही नाही. तेही एकत्र जेवले आणि मगच आपापल्या वाटेने गेले. वेगळं होण्याचा लेखी करार ही तुमची दगडांची रास आहे. ती घातल्याने तुमचं ख्रिस्तीपण कमी होत नाही.

गिऱ्हाइकांना आणि सप्लायरना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. पौल तीमथ्याला कळवतो की आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, त्याची फेड प्रभू करील, तूही त्याच्यापासून सावध राहा. ज्याला गरज आहे त्याला, गरजेपुरतं. भागीदारी अमुक तारखेला संपली, यापुढच्या ऑर्डर आणि पैसे या खात्यावर, अडचण आली तर माझा हा नंबर. बस्स. त्याची निंदा ऐकून कोणी ऑर्डर देत नाही. उलट समोरचा मनात म्हणतो, उद्या हा माझ्याबद्दलही असंच बोलेल.

राहिली महत्त्वाकांक्षा. माझे वडील नगरला मिशन शाळेत शिक्षक होते. आमच्या चाळीत शिक्षक, नर्स, कंपाउंडर, रेल्वेतले कारकून. धंदा करणारं घर एकही नव्हतं. मी प्रेस घेतला तेव्हा वडिलांनी उंटाची आणि सुईच्या नेढ्याची गोष्ट सांगितली, की श्रीमंताला देवाच्या राज्यात शिरणं त्याहून अवघड. ते चुकीचे नव्हते. पण दहा माणसांना दर सात तारखेला पगार मिळणं, हेही देवाला आवडणारं काम आहे, हे आमच्या पिढीला कोणी व्यासपीठावरून सांगितलं नाही. यिर्मया संदेष्टा आपल्या लेखनिकाला, बारूखाला म्हणतो, तू आपल्यासाठी मोठमोठ्या गोष्टींची आस धरतोस काय? धरू नको. त्यातल्या ‘आपल्यासाठी’ या शब्दाशी मी दर वर्षी एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष सुरू होताना, थोडा वेळ बसतो.

तुमची चूक मला महत्त्वाकांक्षेत दिसत नाही, दुसरीकडे दिसते. तुम्ही लिहिलंय की मंडळीत सगळ्यांसमोर तुम्ही साक्ष दिली, ‘प्रभूने ऐंशी लाखांचे तीन कोटी केले’. त्या दिवसापासून उलाढाल ही तुमची साक्ष झाली. मग वह्या उघडून पाहणं अवघड होतं, कारण आत काही वाईट निघालं तर साक्षच खोटी ठरेल अशी भीती बसते. आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घे असं नीतिसूत्रांत सांगितलंय, ते तुम्ही चार वर्षं केलं नाही. मित्रावर विश्वास होता म्हणून नाही, आकडा फुटेल या भीतीने. वसईच्या कॅथॉलिक लोकांनी १९१८ मध्ये बॅसीन कॅथॉलिक बँक उभी केली. माणसं एकाच श्रद्धेची, एकमेकांच्या वाड्या-विहिरी ओळखणारी. तरीही सहकारी संस्था काढली, म्हणजे भाग आले, सभासदांची सभा आली, लेखापरीक्षण आलं. एकमेकांवरच्या विश्वासाला त्यांनी वही जोडली, म्हणून तो शंभर वर्षं टिकला.

एक अवघड गोष्टही विचारतो. तुमचा भागीदार हीच कथा कशी सांगत असेल? ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा-मुलींची निवासी शाळा, आठवा. १८८९ साली मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक घरांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या बाजूने पाहिलं तर आपल्याच माणसांनी वाऱ्यावर सोडलं. रानडे-भांडारकरांच्या बाजूने पाहिलं तर शब्द मोडला गेला. दोन्ही बाजूंची माणसं सचोटीची होती. रमाबाई मात्र ते भांडण कुरवाळत बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुली आणल्या आणि केडगावला शेती, विणकाम, छापखाना उभा केला.

सहा शनिवारांतल्या तिसऱ्या शनिवारी माझा भागीदार म्हणाला, ‘रात्रपाळी नऊ वर्षं मी केली, आणि फर्मच्या पैशातून गाडी तुझ्या दारात आली.’ त्याने केलेली चोरी या बोलण्याने धुऊन निघत नव्हती. पण ते खरं होतं. मी गाडीची किंमत हिशेबात माझ्या नावे टाकायला सांगितली. त्यानंतरच तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. तुम्ही आज रात्री बसून तुमच्या नावे टाकायच्या रकमांची यादी करा. छोटी असेल, मोठी असेल. ती घेऊनच त्याच्यासमोर जा.

आम्ही पुन्हा एकत्र धंदा केला नाही. करणारही नाही. त्याचं वेगळं शॉप तळवड्याला आहे, बरं चाललंय. रविवारी एकाच चर्चमध्ये असतो, त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढायला उभा होतो. गेल्या पावसाळ्यात त्याची हायड्रॉलिक ट्रॉली बिघडली आणि त्याने चार दिवसांसाठी माझी मागितली. त्याच दुपारी टेम्पोत घालून पाठवली, रिटर्नेबल चलनावर, दोघांच्या सह्या घेऊन.